अडकलेला वासुदेव

एका गावात एक गृहस्थ गाणी कुलपात ठेवत असे. नाव दिगंबर काळदाते, पण सगळा गाव त्याला दिगूशेठ म्हणे. जुन्या बाजारात भंगारवाल्याच्या गोणपाटावर, फुटक्या बंबाशेजारी, लोकगीतांच्या जुन्या तबकड्या पडलेल्या असत. भारुडं, पोवाडे, जात्यावरच्या ओव्या. दिगूशेठ त्या उचलून आणी, मऊ फडक्यानं पुसून काढी आणि डांबरगोळ्या घालून कपाटात बंद करी.

आणलेली तबकडी तो यंत्रावर एकदाच वाजवी. तेही दार लावून आणि खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून. शेजारच्या ओट्यावर बसून कुणी फुकट ऐकायला नको! एकदा म्हणे एक पोवाडा धुराड्यातून निसटला, तर हा पठ्ठ्या त्याला धरायला शिडी लावून कौलांवर चढला होता.

"अहो, गाणी आहेत ती," त्याची बायको इंदू म्हणे. "लोणचं नव्हे, वारा लागून बुरशी यायला."

एका बाजारच्या दिवशी त्याला वासुदेवाच्या गाण्यांची तबकडी सापडली. तो घरी पोचतो न पोचतो तोच दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. गावाच्या टोकाला राहणारी गिरजाक्का.

"भाऊ, सुनेनं अडगळ म्हणून ती भंगारात घातली. आमच्या धन्याचा आवाज हाय त्यात. ते गेलं, आता तेवढाच उरलाय. तबकडी ऱ्हाऊ दे तुलाच. मला एकडाव ऐकीव."

"आक्का, सुई फिरली की तबकडी झिजते," दिगूशेठ म्हणाला. "आज तू आलीस, उद्या गाव येईल. मग मला काय उरेल?" आणि त्यानं कडी लावून घेतली.

वासुदेव यायचा तो पहाटे. मोरपिसांची टोपी, हातात टाळ आणि चिपळ्या. सुपातलं धान्य झोळीत पडलं की 'दान पावलं' म्हणायचा, देणाऱ्याचं नाव घ्यायचा आणि मगच उंबरठा सोडायचा. म्हणून दिगूशेठनं तबकडी लावली तीही उजाडतानाच. आधी चिंध्या अर्थातच कोंबल्या.

टाळ वाजला. आवाज गोड होता. 'दान द्या हो, दान द्या' इथवर गाणं आलं आणि सुई अडकली.

"दान द्या... दान द्या... दान द्या..."

दिगूशेठनं सुई उचलली. आवाज थांबला नाही. त्यानं वायर उपटली. तबकडी जागच्या जागी थांबली, आवाज मात्र चालूच. बाहेर जायला त्याला फटच नव्हती. तो खोलीभर फिरत राहिला आणि मग दिगूशेठच्या अगदी कानाशी येऊन म्हणाला, "दान द्या."

दिगूशेठ धडपडत स्वयंपाकघरात पळाला. "इंदू, पाणी दे... दे... दे... दे..."

"देते की! एवढी कसली घाई?" इंदू हसली. मग तिला त्याचे डोळे दिसले आणि तांब्या तिच्या हातून निसटला.

दिगूशेठची जीभ त्या एका शब्दावर अडकली होती. त्यानं घाबरून तोंडावर हात नेला, तेव्हा त्याला तळहात दिसला. त्यावरच्या रेषा गोल फिरल्या होत्या, बारीक, वर्तुळात वर्तुळ. बोटं काळी पडून चकाकू लागली होती. अंगाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. आता मी असाच काळा, चपटा होणार, त्याला वाटलं. कुणीतरी कपाटात ठेवील. आणि कुणी कधी लावणार नाही!

त्यानं सूपभर धान्य नेऊन यंत्रापुढे ओतलं. "दान द्या." नवं धोतर ठेवलं, तुपाचा डबा ठेवला. "दान द्या, दान द्या." काळेपणा मनगटापर्यंत चढला.

इंदूनं दाराआडून विचारलं, "अहो, वासुदेव दान घेऊन जातो कुठे? स्वतःच्या घरीच ना? मग याच्या घरी कोण आहे?"

दिगूशेठ अनवाणीच सुटला. गिरजाक्काच्या अंगणात पोचेपर्यंत कोपरापर्यंत काळा झाला होता. तिच्यापुढे काळे हात जोडून म्हणाला, "दे... दे... दे..."

"मी काय देऊ, बाबा?" म्हातारी चक्रावली. "माझ्यापाशी हाय तरी काय?"

त्यानं तिचे पाय धरले, मग हात धरला आणि तिला घरी आणलं. खिडक्यांतल्या चिंध्या स्वतः उपटल्या. दार सताड उघडलं. गिरजाक्का उंबरठ्यावर बसली, पदर सावरला आणि आत बघून म्हणाली, "आले वो. ऐकतीया."

उपटलेल्या वायरीसकट तबकडी फिरू लागली. सुई पुढे सरकली.

"दान पावलं! दिगंबराचं दान पावलं!"

तबकडी फार जुनी होती. दिगंबर जन्मण्याच्याही आधीची.

गाणं संपलं. ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. गिरजाक्का डोळे पुसत उठू लागली, तसा दिगूशेठनं घशाला ताण देऊन पाहिला. शब्द फुटला.

"आक्का, आणखी एकदा लावू?"

"नगं बाबा. झिजंल की तुझी तबकडी!"

दिगूशेठ घाबरला. उत्तरात तोच अडकणारा शब्द येणार होता. त्यानं डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाला,

"झिजू दे."

एकदाच म्हणाला. काळेपणा उतरला. तळहाताच्या मधोमध एक बारीकसं वर्तुळ तेवढं राहिलं. पुढे खिडकी लावायला हात गेला, की ते गरगरायला लागे.

तात्पर्य: गाणं जपायचं असेल तर ते वाटावं; जो त्याला कुलूप घालतो, तो स्वतःच आत अडकतो.