हंसाचा खळगा

तांबडघळीतून आता डांबरी रस्ता जातो. लाल कड्यांमधून स्वतःची गाडी चालवत, वाटेल तिथे थांबत हौशी मंडळी फिरतात. पण सातव्या वळणावर, बसलेल्या बैलासारख्या खडकापाशी, जाणता माणूस हॉर्न वाजवत नाही. तो गाणी बंद करतो, उतरतो आणि स्वतः घोट घेण्याआधी खडकाच्या खळग्यात पाणी ओततो. घळीच्या तोंडाशी चहा विकणारे थावरू राठोड हे प्रत्येक गाडीवाल्याला सांगतात. कोणी हसलं, तर त्याला सगळी हकिगत ऐकवल्याशिवाय सोडत नाहीत.

फार पूर्वी मिठाच्या गोण्या लादलेला लमाणांचा तांडा इथून चालला होता म्हणे. सर्वांत पुढे हंसा नावाचा बैल. त्याच्या गळ्यातली घंटा वाजेल तिकडे मागच्यांनी यायचं, आणि वाटेत ती उतरवायची नाही. उतरली की तांडा मोडला, असा त्यांचा कायदा होता. नायक लखमाची सून जमनी हंसाबरोबर चालत होती. तिचं तान्हं पोर सासूजवळ, मागच्या बैलांत होतं.

भर दुपारी लाल धुळीचं वादळ उठलं. धूळ बसली तेव्हा मागचा निम्मा तांडा दिसेना. नायकाने घंटा जोरजोरात वाजवायला लावली, आणि तिथेच चुकलं. कडे एका घंटेच्या दहा घंटा करत होते, आणि मागची माणसं त्या खोट्या घंटांच्या मागे आडघळीत शिरत होती. त्यांचा गलका लांब लांब जाऊ लागला. मागच्यांकडे पाण्याचा थेंब नव्हता. नदी संध्याकाळच्या टप्प्यावर, आणि पुढच्यांकडे पाण्याने भरलेली कातडी पखाल एकच.

जमनीने कोणाला न विचारता हंसाच्या गळ्यातली घंटा सोडली.

"तांडा मोडलास, पोरी!" नायक गरजला.

"तो कधीच मोडलाय," जमनी म्हणाली. "आवाजाला कडे फसवतात, पाण्याच्या वासाला नाही फसवणार. वारा तिकडेच वाहतोय. तहानलेली जनावरं नीट येतील. पखाल द्या."

"आणि नाही आली तर? इथले सगळे मरतील."

"तुमचा नातू तिकडे आहे, नायक."

लखमाने मान फिरवली, पण पखाल दिली. जमनीने ती तापलेल्या खडकाच्या खळग्यात रिती केली. कड्यांनी पुन्हा फसवू नये म्हणून कोणी बोलेना, खोकेना. पाणी डोळ्यांदेखत आटत होतं. सगळ्यांत दमलेला हंसा पाण्याकडे वळला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. तो मारका बैल होता, पण त्याने तिला हिसडा दिला नाही. तिथेच खाली बसला.

सावली हातभर सरकली. मग आडघळीतून खूर वाजले. पहिल्या बैलावर सासू होती आणि तिच्या ओटीत पोर रडत होतं. सगळे तिकडे धावले. जमनी वळून पाहते तो हंसाची मान जमिनीला टेकलेली, श्वास थांबलेला.

तांडा दिवस मावळता नदीवर पोचला. निघताना जमनीने पोराआधी बैलाला पोटाशी धरलं होतं, असं सांगतात. "इथून जाईल त्याने आधी याला पाणी द्यावं," एवढंच ती म्हणाली. घंटा तिने पुन्हा कोणाच्या गळ्यात बांधली नाही.

आजही उन्हाळ्यात एखादा गाडीवाला विचारतोच, "काका, एकच बाटली उरली असली तर?"

थावरू कप विसळत म्हणतात, "जमनीकडंबी एकच पखाल होती, साहेब."