पाथरशेंदच्या शाळेला उंबरा नाही

पाथरशेंदची शाळा पाहायला आलेला माणूस दारात हमखास अडखळतो. सवयीने पाय उचलावा, तर खाली उंबराच नाही. काळ्या घडीव दगडाची चौकट आणि पायाशी नुसती माती. दाराला बसवायची शिळा बाहेर अंगणात आडवी पडलेली आहे. त्यामागची हकिकत गावात अशी सांगतात.

फार वर्षांपूर्वी गावाने शाळा बांधायला काढली, तेव्हा माळावर वडारांची पालं पडली. त्यांत नागव्वा होती. नवरा खाणीत दरड कोसळून गेलेला, पदरी एकच लेक, दुर्गी. दगड घडवण्यात नागव्वाचा हात धरणारा पुरुष नव्हता म्हणे, म्हणून पाटलांनी दाराचं काम तिलाच दिलं. दुर्गी खडीच्या पाट्या वाहायची. देवळाच्या ओवरीत पंतोजी मुलांकडून मुळाक्षरं घोकून घेत, ती ऐकून पोर चालता चालता पुटपुटू लागली. एक दिवस तिने छिन्नीने दगडावर एक अक्षर ओढलं आणि आईला विचारलं, बरोबर आहे का? दगडाची शीर न् शीर ओळखणाऱ्या बाईला ते अक्षर मात्र ओळखता येईना.

दुसऱ्या दिवशी नागव्वाने पाटलांना विचारलं, शाळा झाली की माझी लेक आत बसेल ना? पाटील वाईट माणूस नव्हता. खाली बघतच तो म्हणाला,

"दगड तुम्ही घडवले, पण शाळा गावची आहे, नागव्वा. तुझी पोर आत आली तर बाकीची उठून जातील."

चौकट उभी होती, उंबरा तेवढा बसवायचा राहिला होता. नागव्वाने छिन्नी खाली ठेवली.

"ज्या दारातनं माझी लेक जायची न्हाई, त्याला उंबरा मी घालायची न्हाई," ती म्हणाली आणि शिळेवर जाऊन बसली.

गावाने पालांचं पाणी तोडलं. वेशीबाहेरच्या मुसलमान पिंजाऱ्यांनी आपल्या आडाचं पाणी दिलं. त्यांचीही मुलं शाळेबाहेरच राहणार होती. गावाने दुसरीकडचे वडार आणले, त्यांनी शिळेला हात लावला नाही. मग आठ बैल जुंपले. दोर तुटले, पण शिळा तसूभर हलली नाही, असे सांगतात. नागव्वा अन्नाविना उन्हात बसून होती. नवव्या दिवशी तिथेच तिचा प्राण गेला.

पालं उठली, त्यांच्याबरोबर दुर्गीही गेली. उंबऱ्यावाचूनच शाळा उघडायची ठरली. पण पहिल्या दिवशी पंतोजी दाराशी आले आणि त्यांना आत पाऊल टाकवेना. ते तसेच वळले, पिंजाऱ्यांच्या वस्तीवर गेले आणि तिथली चार मुलं हाताला धरून घेऊन आले. काही जण खरोखरच पोरांना घेऊन उठून गेले. पंतोजींनी त्यांना थांबवलं नाही. हजेरीपटावर त्यांनी पहिलं नाव लिहिलं ते दुर्गीचं. तिच्या शोधात त्यांनी तीनदा माणसं धाडली. ती सापडली नाही.

आजही शाळा उघडते त्या दिवशी हजेरी त्याच नावापासून सुरू होते. गुरुजी "दुर्गी नागव्वा" म्हणतात आणि थांबतात. खाणीवरचं, वीटभट्टीवरचं, पालातलं एखादं नवं पोर वर्गात असेल, तर त्याने "हजर" म्हणायचं, अशी रीत आहे. एखाद्या वर्षी कुणीच बोलत नाही. मग गुरुजी पट मिटतात आणि माळावरच्या पालांच्या वाटेला लागतात.