ठकूनं बसवलेला डोंगर

फार वर्षांपूर्वी, वर यायला गाडीरस्ता सोडाच, धड पायवाटही नव्हती, तेव्हा कडेवाडीत कुणालाच पळता येत नव्हतं. चढता येत होतं, उतरता येत होतं, डोईवर भारा घेऊन दिवसभर चालता येत होतं. पण पळायला सपाट जागा लागते, आणि त्या डोंगरात खाट टाकण्याएवढीही सपाट जागा नव्हती. घरं उतारावर, खाचरं उतारावर, आणि उतार संपला की सरळ कडा. कडेवाडीत हातातून निसटलेला हंडा कधी कुणाला परत मिळाला नाही, असं म्हणतात.

म्हणून तिथल्या आया कामाला जाताना लहानग्यांच्या कमरेला दावं बांधत, आणि दाव्याचं दुसरं टोक घराच्या मेढीच्या खांबाला. जाण येईपर्यंत पोर त्या दाव्याएवढ्याच जगात वाढे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

ठकूला वाटलं. ती लग्न होऊन आली होती खालच्या नदीकाठच्या गावातून. माहेरी ती वाळूत पोरांशी हुतूतू खेळलेली, डोहात सूर मारलेली. पहिल्याच सकाळी शेजारच्या दारात बांधलेलं लेकरू बघून तिनं नवऱ्याला विचारलं, "अवो, ह्याला बांधलंय का? येड लागलंय का ह्याला?"

"येड न्हाई लागलं," कोंडाजी म्हणाला. "जितं ऱ्हावं म्हणून बांधलंय."

पुढं कोंडाजी तापानं गेला. मूलबाळ नव्हतं, सासू-सासरे आधीच गेलेले. ठकू एकटीच त्या घरात राहिली, दिवसाचं काम करायची आणि शेजारच्या हौसाच्या सोमाचं रडणं ऐकायची. सोमा भारी रडका. दाव्यानं त्याच्या कमरेला वळ पडले होते.

भातलावणीचे दिवस होते. सगळं गाव खाचरात. ठकूच्या पायाला काटा लागून तो सुजला होता, म्हणून ती घरीच होती. सोमा रडून रडून निळा पडला तेव्हा तिला राहवलं नाही. तिनं गाठ सोडली, त्याला मांडीवर घेतलं, वळांना तेल लावलं. पोर निवलं. त्याला भाकरीचा तुकडा द्यावा म्हणून ती आत वळली, आणि तेवढ्यात सोमा पळाला. जन्मात पहिल्यांदा पळाला. तो हसत होता, असं म्हणतात. त्याचं हसू खाली खाचरापर्यंत ऐकू आलं आणि बायकांनी कौतुकानं माना वर केल्या. पण उतारानं त्याला थांबू दिलं नाही.

हौसानं ठकूला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. तिनं बोलणं टाकलं. मग तिच्या घरानं टाकलं, मग आळीनं, मग गावानं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. विस्तव मागितला तर मिळे, झऱ्यावर पाणी मिळे. शब्द तेवढा मिळत नसे.

ठकूचा भाऊ तिला न्यायला आला. "चल घरी," तो म्हणाला. "हितं आता कोण हाय तुझं?"

"माझ्या हातनं हितलं एक लेकरू गेलं, दादा," ठकू म्हणाली. "मी आता कुठं जाऊ?"

भाऊ एकटाच उतरून गेला.

तो सगळा पावसाळा ठकू घोंगडी पांघरून डोंगरात बसून होती. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, कुठं जरा दम खातं, ते बघत होती. गावाच्या खालच्या अंगाला डोंगराचं पोट थोडं पुढं आलं होतं. तिनं ती जागा धरली. पाऊस सरल्यावर तिथं दगड रचायला लागली. खालून भिंतीसारखा धक्का, आणि धक्क्याच्या आत माती. माती काढायची ती वरच्या बाजूच्या एका खळग्यातून, डोईवरच्या पाटीनं.

पहिल्या पावसानं सगळं नेलं. ती पुन्हा बसून बघत राहिली. मग धक्क्यात पाण्याला वाटा ठेवून तिनं पुन्हा रचलं. तेही थोडं गेलं, थोडं राहिलं. राहिलं त्यावर तिनं पुढं रचलं. वर्षांमागून वर्षं गेली. मातीसाठी खणलेला खळगा मोठा झाला, त्यात पाणी साठायला लागलं. ते बघून ठकूला माहेरचा डोह आठवला. मग ती खणताना एका कडेला पायऱ्या ठेवत गेली, अशा की लहानातलं लहान पोर पहिल्या पायरीवर उभं राहिलं तर पाणी त्याच्या गुडघ्याला लागावं, आणि पुढं थोडं थोडं वाढावं.

बोलायला माणूस नव्हतं, म्हणून ती दगडांशी बोले. उचलताना म्हणे, "चल बाबा." ठेवताना म्हणे, "बस हितं, हलू नको." दगड तिचं ऐकत, असं म्हणतात. पुढं पुढं तर ती सकाळी यायच्या आधीच वरचा दगड आपण होऊन खाली येऊन थांबलेला असे. आणि ज्या वर्षी आभाळ फाटलं, आजूबाजूचे डोंगर दरडींनी सोलून निघाले, त्या वर्षी ठकू भर पावसात धक्क्यावर उभी राहून डोंगरालाच म्हणाली, "किती दिस उभा ऱ्हाशील? बस आता." आणि डोंगर बसला, असं म्हणतात. गुडघे दुमडून म्हातारा बसावा तसा. पाऊस उघडला तेव्हा गावानं बघितलं तर खाली केवढं तरी पटांगण, तळहातासारखं सपाट, आणि त्याच्या वरच्या अंगाला भरलेलं तळं.

ठकूचे केस तोवर पांढरे झाले होते.

पण पटांगणावर कुणी आलं नाही. ठकूनं वाट बघितली. एका सकाळी तिनं पदर खोचला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटीच पळाली. गाव वरून बघत होतं. कुणी हसलं नाही, कुणी हाकही मारली नाही. दम लागल्यावर ती पटांगणाच्या कडेनं कमरेएवढा वर राखलेल्या धक्क्यावर जाऊन बसली, दरीकडे पाठ आणि पटांगणाकडे तोंड करून. त्यानंतर रोज ती तशीच बसे.

किती दिवसांनी कोण जाणे, हौसा खाली आली. तीही म्हातारी झाली होती. तिनं नातीला, चांगुणाला, दाव्यानं धरून वासरासारखं आणलं होतं. पटांगणाच्या कडेला ती बराच वेळ उभी राहिली. मग खाली बसली. गाठ जुनी होती, शेवटी तिनं ती दातांनी सोडवली. आणि मान वर न करता म्हणाली,

"ठके, बघशील न्हवं?"

इतक्या वर्षांत माणसाच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. तोवर पोर सुटलं होतं, पळत सुटलं होतं, हसत, सरळ धक्क्याकडं.

"बघते," ठकू म्हणाली.

चांगुणा धक्क्याला येऊन थडकली, वळली, आणि परत पळाली. हौसानं पदर तोंडात कोंबला आणि ती तिथंच मातीवर बसून रडली.

मग गावातली पोरं आली. पुढं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ठकूनं त्यांना हात मारायला शिकवलं. लोक बोलायला लागले, पण बेतानंच. आणि ठकूलाही बोलायची सवय राहिली नव्हती. हौसा आणि ती त्या दिवसानंतर एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. संध्याकाळी पोरं घरोघर गेली की ठकू एकटी चढून आपल्या घरी जाई, एकटीची चूल पेटवी.

ती मेलेली कुणी पाहिली नाही. एका धुक्याच्या सकाळी ती धक्क्यावर बसली होती. धुकं उठलं तेव्हा नव्हती. धक्क्यात त्या दिवशी एक दगड जास्त भरला, असं म्हणतात.

कडेवाडीत आजही पोरं त्याच पटांगणावर खेळतात, त्याच तळ्यात पोहतात. पण कुणी मोठं माणूस धक्क्यावर दरीकडे पाठ करून बसल्याशिवाय एकही पोर आत पाऊल टाकत नाही. जो बसेल त्याला त्या दिवसापुरतं नाव ठकू. त्याला गप्प बसू द्यायचं नाही, अशी रीत आहे. खेळायला उतरणारं प्रत्येक पोर आधी थांबतं आणि ओरडतं, "ठके, बघशील न्हवं?" आणि तिथं कुणीही बसलेलं असो, म्हातारी असो, नवी सून असो, नाहीतर भरघोस मिशांचा सरपंच असो, उत्तर एकच येतं.

"बघते."