गोदाक्काचे चार घास

हलवायाची कढई अजून चुलीवर चढायची, त्या काळची ही गोष्ट. दुकानाच्या भिंतीतल्या अरुंद बिळात गोदाक्का उंदरीण राहायची. दुकानात नवा बोका आला, तशी बारीक व्हायचं म्हणून ती दिवसाला मोजून चारच घास खाऊ लागली. चारही पेढ्याचे.

नवी सून रेणू मात्र परसातले मोडाचे मूग आणि मुळ्याचा पाला पोटभर खाई, तरी बिळात सुळकन शिरे. गोदाक्काला यात काहीतरी काळंबेरं दिसे.

"एवढं खातेस, जातं कुठं गं? माहेराहून जादूची मुळीबिळी आणलीस की काय?"

"नाही हो सासूबाई. तुम्हीच खाऊन बघा ना."

"म्हणजे मी फुगून बोक्याच्या तोंडी जाईन! कळतात हो मला बेत."

एके सकाळी बोका धावून आला. रेणू आत गेली, गोदाक्का कमरेत अडकली. रेणूनं जिवाच्या आकांतानं तिला आत ओढलं.

धाप ओसरल्यावर गोदाक्कानं बिळाचं तोंड चाचपलं. "खरं सांग, माती लिंपून हे अरुंद कुणी केलं?"

रेणूनं आपले मूग तिच्यापुढं सरकवले.

गोदाक्कानं ते हुंगले, पुन्हा हुंगले, आणि म्हणाली, "आधी तू खा."