साडेनवाची गाडी

“...आणि डोळे उघडल्यावर पहिल्यांदा काय करता?”

“पडून राहतो,” टेकाळे सर म्हणाले. “मग तंबाखू.”

“मग?”

“पुन्हा पडून राहतो.”

कमालशा फकीर फाट्यावरच्या दर्ग्याच्या पारावर बसून कफनीला ठिगळ लावत होता. विचारताना त्यानं मान वर केली नाही.

माणिकराव टेकाळे एकोणीस वर्षं हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. त्यांची चप्पल वाजली की अख्खा व्हरांडा चिडीचूप व्हायचा. दर वर्षी सातवीच्या पोरांना हात पुढे करायला लावून ते तंबाखूविरोधी शपथ द्यायचे, आणि ऑफिसात येऊन दार लोटून चिमूट लावायचे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. बायको मुलाकडे गेली ती गेलीच. जाताना एवढंच म्हणाली, “तुमचं तोंड बघवत नाही आता.”

फकिरानं अनेकांचं दुःख घालवलं असं त्यांच्या कानावर आलं होतं. शिवाय इथे ओळखीचं कुणी भेटायचं नाही. म्हणून ते पहिल्या एसटीनं आले होते.

“जेवण?”

“दुपारी थोडी घेतो. मग भूक मरते.”

“झोप?”

“मोबाइल बघत पडतो. फटफटेपर्यंत.”

“चांगलं वाटलं, असं शेवटचं कधी झालं?”

 हा प्रश्न सरांना कुणी विचारला नव्हता.

“परवा नात झाली,” ते म्हणाले. “फोनवर तिचं तोंड दाखवलं मुलानं. मी हसलो... पण आत काही हललं नाही, बाबा. दगड पाहावा तसं पाहिलं मी त्या पोरीला.”

सुई थांबली.

“हे कुणाला सांगितलंत?”

“तुम्हालाच. आत्ता.” सरांनी घसा साफ केला. “ताईत द्या, जप द्या. चाळीस दिवसांचा कडक उपास सांगा. मी करीन. मी शिस्तीचा माणूस आहे.”

फकिरानं झोळीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. त्याखाली गोळ्यांचं पाकीट. त्यानं एक गोळी तळहातावर घेतली, तोंडात टाकली आणि वर तांब्यातलं पाणी प्यायला.

“कशाची ही?”

“मनाची.”

“कुणाच्या?”

“माझ्या. अकरा वर्षं झाली.”

सरांनी वाकून केसपेपरवरचं नाव वाचलं.

“दिवसभर चिलीम ओढायचो,” फकीर म्हणाला. “डोळे मिटून बसायचो. लोक म्हणायचे, बाबा ध्यानात आहेत. पाया पडून जायचे... मी मरणाची वाट बघत होतो.”

निंबावर एक कावळा ओरडला आणि उडून गेला.

“आज मंगळवार. जिल्ह्याला मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात. आधी बोलू देतात माणसाला. मग दारूचं बघतात, झोपेचं बघतात. गोळी लागलीच तर गोळी. साडेनवाची गाडी आहे. मी तुमच्या शेजारी बसतो.”

“त्या रांगेत?” सरांचा आवाज चढला. “तिथे नाव पुकारतात. खिडकीवरचा कारकून माझा विद्यार्थी आहे!”

“मग ओळखीचा निघाला. चांगलंच आहे.”

सर ताडकन उठले. धोतराची धूळ झटकली.

“मी साधूकडे आलो होतो. रोग्याकडे नाही.”

फकिरानं दातानं दोरा तोडला. 

सर रस्ता ओलांडून गावाकडच्या गाडीसाठी उभे राहिले. थोड्या वेळानं फकीर खाली उतरून समोरच्या बाजूला आला. तिथे कागदांची पिशवी छातीशी धरून एक बाई उभी होती, आणि काठी टेकून एक म्हातारा. फकीर त्यांच्यात जाऊन उभा राहिला. मधे दहा पावलांचा डांबरी रस्ता.

सरांना वाटलं, हाक मारील. एकदा मारली तर जाईन.

हाक आली नाही. लांबवर जिल्ह्याच्या गाडीचा लाल पुढा दिसला.  सरांना नातीचं तोंड आठवलं, तिच्या मिटल्या मुठी आठवल्या. त्यांनी एक पाऊल डांबरावर ठेवलं.

तेवढ्यात करकचून ब्रेक लागला. मोटारसायकलवरून एक पोट सुटलेला माणूस उतरला आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडला.

“ओळखलंत का, सर? लव्हाळे! नव्व्याण्णवची दहावी. तब्येत काय म्हणते?”

सरांचं पाऊल मागे आलं. पाठ ताठ झाली. तीन वर्षांत घरात कुणी ऐकला नव्हता तो आवाज गळ्यातून निघाला.

“एकदम ठणठणीत!”

“वाटतच नाही सर रिटायर झालात!”

“शिस्त लागते, लव्हाळे. शिस्त.”

लव्हाळे हसला, पुन्हा पाया पडला आणि निघून गेला. तोवर समोर गाडी लागली होती. बाई चढली, म्हातारा चढला. फकीर अलीकडच्या खिडकीशी येऊन बसला. सरांचा हात अर्धवट वर उठला. थांबा म्हणायला, की नमस्काराला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

कंडक्टरनं घंटी मारली.

फकीर खिडकीच्या गजाला धरून थोडा पुढे वाकला.

“ठणठणीत माणसांची गाडी तुमच्याच बाजूला लागते, सर. उभे राहा.”