धुम्मस आणि हराळीची मुळी

माणसांना बारमाही हिरवं अंगण हवंसं वाटू लागलं, त्या काळची गोष्ट. एका अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरायचं होतं. हराळी खणून काढली, खडी पसरली आणि जमीन ठोकायला दांडा लावलेल्या जड ठोकळ्याला, म्हाताऱ्या धुम्मसाला आणलं.

एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला. खाली राहिलेली हराळीची मुळी म्हणाली, "धुम्मसदादा, एवढी जागा सैल ठेवा. एकदाच ऊन बघते."

"अगं वेडे, इथे जमीन खचली तर लोक मला नावं ठेवतील!" असं म्हणून त्याने तिथे चार ठोके जास्तच घातले.

गवत अंथरलं. सगळ्यांनी वाखाणलं. धुम्मस मात्र भिंतीला टेकून रोज त्या कोपऱ्याकडे कान लावी. शेवटी न राहवून त्याने नव्या गवताला विचारलं, "बाळा, खालून कुणी बोलतं का रे?"

"काय ठाऊक, आजोबा," गवत म्हणालं. "मला मुळ्याच नाहीत. खालचं मला कसं कळणार?"