सारजाआत्याच्या मागून

माणसं आभाळाकडे बघून ऋतू ओळखायची, तेव्हाची ही गोष्ट. करकोच्यांचा एक थवा दर हिवाळ्यात उत्तरेचे डोंगर ओलांडून इकडच्या एका तळ्यावर यायचा. थव्याच्या पुढे कायम सारजाआत्या उडायची. संध्याकाळी ती सगळ्यांना गोळा करून वाटेतल्या डोंगरांची आणि नद्यांची नावं शिकवायची. तरुण करकोचे ती धडाधड म्हणून दाखवायचे.

एकदा तानू म्हणाला, "आत्या, परतताना थोडा वेळ मी पुढे उडू का?"

"तू चुकशील आणि सगळ्यांना उशीर होईल," ती म्हणाली. "तुला नावं येतात ना? मग झालं."

उन्हाळ्याच्या तोंडावर सारजाआत्या तळ्याकाठीच आजारी पडून मेली. तळं आटत चाललं होतं. न अडखळता नावं म्हणणारा म्हणून थव्यानं तानूला पुढे केलं.

डोंगर दिसू लागले तसा तानू गोंधळला. समोरची तिन्ही शिखरं त्याला सारखीच वाटली. मागून सगळे नावं ओरडत होते आणि एकही नाव चुकत नव्हतं. पण कोणतं नाव कोणत्या शिखराचं, हे कुणालाच सांगता येईना.

"इतक्या वेळा आलास की या वाटेनं," त्याची बहीण चंदी म्हणाली.

"आलो," तानू म्हणाला. "पण दरवेळी मला पुढे आत्याची शेपटीच दिसायची."

वारा वाढला. दमलेले पक्षी एकेक करून खाली पडू लागले. शेवटी तानू एका खिंडीकडे वळला, आणि उरलेले काही न विचारता त्याच्या मागे गेले.